इरिना प्रिवालोव्हा : शतांशात हुकलेली पदकं आणि सिडनीचं ते सुवर्ण

चुन्याची_रेघ (मूळ धागा)

वेगवान धावपटू म्हटलं की आपल्याकडे गप्पा फ्लो-जोपासून (फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर) सुरू होतात आणि जमैकावर येऊन थांबतात. मध्ये कोणी मर्लिन ओटीचं नाव घेतलं तर तेवढाच आनंद. नव्वदच्या दशकातल्या माझ्या आवडत्या बाईचं नाव मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, म्हणून हा धागा. इरिना प्रिवालोव्हा. जन्म १९६८, मॉस्कोजवळच्या मालाखोव्का गावचा.

मी तिला पहिल्यांदा बघितलं १९९२ ला, बार्सिलोना ऑलिम्पिकच्या वेळी. चाळीत एकच टीव्ही, दाराशी चपलांचा ढीग, आणि मी आठवीत. बायकांची १०० मीटर धावून संपली तरी कोण जिंकलं ते धावणाऱ्यांनाही कळेना आणि आम्हालाही. मग आकडे आले. गेल डेव्हर्स १०.८२, ज्युलिएट कथबर्ट १०.८३, प्रिवालोव्हा १०.८४, ग्वेन टॉरेन्स १०.८६, ओटी १०.८८. पहिली ते पाचवी, सहा शतांश!

त्या वेगात एका शतांशात साधारण दहा सेंटिमीटर अंतर कापलं जातं. म्हणजे प्रिवालोव्हाचं सुवर्ण वीतभरापेक्षाही कमी अंतराने गेलं, आणि आणखी वीतभर मागे राहिली असती तर हाती काहीच नव्हतं. माझ्या शेजारी बसलेले काका म्हणाले, "नाक लांब असतं तर जिंकली असती." नाक मोजत नाहीत, छाती मोजतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढे मी जिल्हा पातळीपर्यंत धावलो (उपान्त्य फेरीतला कायमचा पाहुणा) आणि जुने निकाल चाळायचा नाद लागला. तेव्हा लक्षात आलं की या बाईची सगळी कारकीर्दच अशी शतांशांच्या काठावर गेलीय. काही उदाहरणं :

फेब्रुवारी १९९३ मध्ये माद्रिदला तिने बंदिस्त स्टेडियममधल्या ६० मीटरचा विश्वविक्रम केला, ६.९२ सेकंद. महिन्याभरात टोरंटोला जागतिक इनडोअर स्पर्धा. तिथे ६० मीटरमध्ये ती धावली ६.९७ आणि डेव्हर्स ६.९५. पुन्हा दोन शतांश, पुन्हा डेव्हर्स. (२०० मीटर मात्र तिने २२.१५ मध्ये जिंकली.)

१९९५, गोटेबोर्ग. जागतिक स्पर्धेतली २०० मीटर. टॉरेन्स सगळ्यांच्या पुढे पोचली, पण वळणावर लेनच्या रेषेवर पाय पडला म्हणून बाद झाली. मागे राहिल्या ओटी आणि प्रिवालोव्हा. ओटी २२.१२. प्रिवालोव्हाही २२.१२! छायाचित्र बघून सुवर्ण ओटीला दिलं. म्हणजे पुढची बाई बाद होऊनही सुवर्ण नाही ते नाहीच.

आता तराजूचं दुसरं पारडं. १९९३, स्टुटगार्ट, ४×१०० रिले. रशियाची शेवटची धावपटू प्रिवालोव्हा, अमेरिकेची डेव्हर्स. ही डेव्हर्स त्याच स्पर्धेत १०० मीटर आणि १०० मीटर अडथळे, दोन्ही जिंकून बसलेली. दोन्ही संघांची वेळ ४१.४९. छायाचित्र आलं आणि सुवर्ण रशियाला. वर्षाआधी बार्सिलोनात हीच रिले तिच्या संघाने ०.०५ सेकंदाने घालवली होती.

या रिलेंमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसते. १९९१ ला टोकियोत जागतिक स्पर्धा सुरू झाली ती मॉस्कोतला बंडाचा प्रयत्न फसल्यानंतर दोनच दिवसांनी. तिथे हिच्या छातीवर सोव्हिएत संघाची अक्षरं, रिलेत रौप्य. १९९२ ला सोव्हिएत संघच उरला नव्हता, म्हणून 'संयुक्त संघ', पुन्हा रौप्य. १९९३ ला रशिया, सुवर्ण. तिन्ही वेळा शेवटचा टप्पा हिचाच आणि दुसऱ्या टप्प्यावर गालिना माल्चुगिना. तीन वर्षांत तीन देश, पण या दोन टप्प्यांवर त्याच बाया.

बार्सिलोनात तर अजब प्रकार होता. संयुक्त संघाच्या खेळाडूने वैयक्तिक पदक मिळवलं तर त्याच्या प्रजासत्ताकाचा झेंडा चढायचा, सांघिक पदकाला ऑलिम्पिकचा पाच वर्तुळांचा. त्यामुळे हिच्या कांस्याला रशियाचा तिरंगा आणि रिलेच्या रौप्याला वर्तुळं. एकाच आठवड्यात एकाच बाईला दोन झेंडे.

१९९४ तिचं सर्वांत चांगलं वर्ष. लोझानला १०० मीटर १०.७७ मध्ये, तो युरोपचा विक्रम. हेलसिंकीच्या युरोपियन स्पर्धेत १०० आणि २०० दोन्ही सुवर्ण. आणि एवढं सगळं झाल्यावर, वयाच्या ३१ व्या वर्षी, सिडनी ऑलिम्पिकमध्ये तिने सुवर्ण जिंकलं ते ४०० मीटर अडथळ्यांत! ज्या शर्यतीत ती आदल्या वर्षापर्यंत नव्हतीच. त्यावर मुद्दामच जास्त लिहीत नाही. इथे कोणी अडथळ्यांतलं जाणकार असेल तर त्यांनी लिहावं.

गप्पिष्ट_गणू

पहिला! वाचनखूण साठवली. नाकाचा किस्सा भारी.

एक बावळट प्रश्न. मी १९९१ च्या जागतिक स्पर्धेचे निकाल शोधले तर प्रिवालोव्हा सापडलीच नाही. इरिना सेर्गेयेवा अशी कोणी आहे, १०० आणि २०० दोन्हींत चौथी. ही वेगळी का?

चुन्याची_रेघ

तीच ती. तेव्हा निकालपत्रात सेर्गेयेवा लागायचं. त्याच वर्षी सेव्हिलला जागतिक इनडोअरमध्ये ६० मीटर जिंकली तीही सेर्गेयेवा म्हणूनच. देश तीन, आडनावं दोन. मीही बरेच दिवस दोन बायका समजत होतो, लाजायचं कारण नाही.

शंकेखोर

लेख चांगला आहे, पण सगळे खोलीतल्या हत्तीला वळसा घालून चाललेत म्हणून मीच वाईटपणा घेतो. रशियन अॅथलेटिक्स म्हणजे डोपिंग. २००८ च्या बीजिंगची रिले आठवा. जमैकाचं बॅटन फिसकटलं, अमेरिका आधीच बाद, रशियाच्या चौघींना सुवर्ण. २०१६ मध्ये जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा युलिया चेर्मोशान्स्कायाच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल आणि ट्युरिनाबॉल ही उत्तेजकं सापडली आणि चौघींचं सुवर्ण गेलं. ते मिळालं बेल्जियमला, आठ वर्षांनी. २०१५ पासून तर अख्खा महासंघच निलंबित होता. रिओला रशियाची एकच अॅथलीट उतरू शकली, लांब उडीवाली दार्या क्लिशिना. मग १९९३ च्या ४१.४९ वर मी डोळे मिटून विश्वास का ठेवू?

बॅटनबाई

शंकेखोर, विश्वास ठेवू नका, पण हिशेब सगळ्यांचा सारखा करा. प्रिवालोव्हावर उत्तेजकांसाठी बंदी कधीच आली नाही. हे प्रशस्तिपत्र नाही, नुसती नोंद आहे. त्या काळात पट्टीवर उभ्या असलेल्या कुणाबद्दलच मी छातीठोक बोलणार नाही. टोकियोत १०० आणि २०० ची दोन्ही सुवर्णं नेणारी जर्मनीची काट्रिन क्राबे वर्षभरात डोपिंगच्या प्रकरणात अडकली. बार्सिलोनात १०० मीटरला चौथी आल्यावर टॉरेन्सने पुढच्यांवर उघड शंका घेतली, पुरावा काही पुढे आला नाही. आणि सिडनीत धावलेली मॅरियन जोन्स तर रशियन नव्हे, अमेरिकन. तिने उत्तेजकं घेतल्याचं पुढे स्वतःच कबूल केलं. तिचं १०० मीटरचं सुवर्ण काढून घेतलं आणि ते कुणालाच दिलं नाही, कारण दुसरी आलेली ग्रीसची थानू स्वतःच २००४ च्या चाचणी चुकवण्याच्या भानगडीत होती. त्या गोंधळात चौथी आलेल्या ओटीला नऊ वर्षांनी कांस्य मिळालं. शर्यतीच्या दिवशी ती चाळीस वर्षांची होती!

त्यामुळे तुमचा हत्ती एका खोलीत नाही, अख्ख्या वाड्यात फिरतोय.

बीजिंगच्या रिलेबद्दल मला राग वेगळा आहे. एकीच्या नमुन्यापायी चौघींची पदकं गेली. नियम म्हणून पटतं. पण मी स्वतः विद्यापीठाच्या संघात रिले धावलेय, शेजारच्या मुलीच्या रक्तात काय आहे ते मला कसं कळणार? मला तिच्या हाताची उंची ठाऊक असते, ती कुठल्या खुणेला पोचली की मी सुटायचं ते ठाऊक असतं. बस.

चुन्याची_रेघ

बॅटनबाई, बॅटनच्या बदलाबद्दल लिहा ना जरा. स्टुटगार्टची शर्यत मी दहा वेळा पाहिली असेल, पण मला नेहमी शेवटची उडीच दिसते.

बॅटनबाई

तिथेच चूक होते बघणाऱ्यांची. शेवटच्या उडीत शर्यत ठरली, पण मिळवली ती आधीच.

अमेरिकेकडे डेव्हर्स आणि टॉरेन्स, दोघी १०० मीटरच्या पहिल्या तिघींतल्या. रशियाकडे बोगोस्लोव्स्काया, माल्चुगिना, वोरोनोव्हा, प्रिवालोव्हा. त्यांच्यातली १०० मीटरला सर्वांत पुढे असलेली प्रिवालोव्हा, तीसुद्धा चौथी. नुसत्या पायांवर ही रिले अमेरिकेची. मग वेळ सारखी कशी आली? बॅटन जिथे हातातून हातात जातं तिथे. घेणारी मागे न बघता सुटते. मातीच्या मैदानावर आम्ही टाचेने ओरखडा काढून खूण करायचो. सिंथेटिकवर चिकटपट्टी लावतात. देणारी त्या खुणेवर आली की सुटायचं, हाक आली की हात मागे. लवकर सुटलं तर बॅटन पोचत नाही, उशिरा सुटलं तर देणारी अंगावर येते आणि पाव सेकंद गेला. आमच्या संघात माझ्या आधीची मुलगी घाबरट होती, "घे" असं दोन पावलं आधीच ओरडायची. तेवढ्यासाठी मी माझा ओरखडा वीतभर पुढेमागे करत महिना घालवला.

सोव्हिएत पद्धतीत त्याच त्या मुली वर्षानुवर्षं एकत्र सराव करत. माल्चुगिना ते प्रिवालोव्हा तीन वर्षं एकाच संघात, हे तुम्हीच लिहिलंय. ते पदक तिथलं आहे.

मॉस्कोतला_मालवणी

मी इथे वैद्यकीय शिकायला आलो आणि इथलाच झालो, तर माझे दोन कोपेक. मालाखोव्का हे मॉस्कोच्या आग्नेयेला, कझान्स्की स्थानकावरून लोकल जाते. जुनी लाकडी दाचांची (उन्हाळी घरांची) वस्ती, पाइनची झाडं, मधोमध तळं. उन्हाळ्यात मॉस्कोवाल्यांनी हवा खायला जायचं ते गाव. आपल्याकडे मुंबईकरांचं माथेरान तसं म्हणा, फक्त डोंगर वजा करून. आणि मुख्य म्हणजे शारीरिक शिक्षणाची मोठी अकादमी तिथेच आहे. त्यामुळे त्या गावात ट्रॅकसूट घातलेलं माणूस दिसलं तर कोणी मान वळवून बघत नाही.

बाकी उच्चार 'प्रिवालवा'च्या जवळ जातो. पहिल्या 'वा'वर जोर, पुढचा ओ जवळजवळ गिळतात. पण 'प्रिवालोव्हा' इतकं रुळलंय की राहू द्या.

सिन्नरी_पळ

चारशे अडथळे ही काय वेगाची शर्यत? म्हणजे स्प्रिंटर म्हणून धागा काढायचा आणि शेवटी अडथळ्यांचं सुवर्ण मोजायचं, हे थोडं ओढूनताणून वाटतं. १०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण नाही ते नाही.

मास्तर_मैदानातले

सिन्नरी, एकदा धावून बघा आणि मग सांगा वेगाची आहे की नाही. :)

पंचवीस वर्षं शाळेतल्या पोरींना शिकवतोय, म्हणून धागाकर्त्याने मागितलेलं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

बायकांच्या चारशे मीटर अडथळ्यांत दहा अडथळे. उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. पहिला अडथळा ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक, आणि दहाव्यानंतर ४० मीटर मोकळे. अडीच फूट म्हणजे काही उंच नाही, घरातल्या टेबलाएवढं. पहिले पाच कोणीही ओलांडेल. सहाव्यानंतर मांड्यांत आम्ल साठतं, पावलं आखूड होतात, आणि जो अडथळा सरावात पंधरा पावलांवर येत होता तो पंधराव्या पावलाला अजून हातभर लांब असतो. मग मुलगी काय करते? घाईने एक जास्तीचं पाऊल टाकते. पण एक पाऊल वाढलं की पाय बदलला. रोज डावा पाय पुढे काढणारीला अचानक उजवा काढावा लागतो. तो पाय शिकवलेला नसेल तर ती अडथळ्यापुढे थबकते, जणू विहिरीच्या काठावर आली. त्या थबकण्यात अर्धा सेकंद जातो. शर्यतच गेली.

आता या बाईंकडे बघा. त्यांची सपाट चारशेची सर्वोत्तम वेळ ४९.८९, ती १९९३ मधली. १९९५ ला जागतिक इनडोअरची ४०० मीटरही त्यांनी जिंकली होती. म्हणजे ६०, २०० आणि ४००, तीन वेगवेगळ्या अंतरांवर तीन जागतिक इनडोअर सुवर्णं! असा पल्ला फार थोड्यांचा. वेग होता, दमही होता. नव्हता तो दुसरा पाय. कुमार वयात अडथळे केले होते, पण मधे दहाबारा वर्षांची सुट्टी. आणि समोर कोण? अटलांटा ऑलिम्पिकची विजेती डिऑन हेमिंग्ज, १९९७ ची जगज्जेती नझा बिदवान, १९९९ ची जगज्जेती डायमी पेर्निया. तिघी याच शर्यतीवर वाढलेल्या.

निकाल : प्रिवालोव्हा ५३.०२, हेमिंग्ज ५३.४५, बिदवान ५३.५७. जवळजवळ अर्ध्या सेकंदाने. आयुष्यभर शतांशांनी हरणारी बाई इथे छायाचित्र न बघता जिंकली. ती फीत मी पोरींना दाखवतो तेव्हा शैलीकडे बघू नका असं सांगतो, ती काही नमुनेदार नाही. शेवटचे चाळीस मीटर बघा. अडथळे संपले आणि एक शंभर मीटरवाली मोकळी सुटली.

त्याच ऑलिम्पिकला ४×४०० मध्ये कांस्यही आहे, ते कोणी लिहिलं नाही अजून.

सिन्नरी_पळ

मास्तर, शब्द मागे. टेबलाच्या उंचीने घाबरलो.

गप्पिष्ट_गणू

मास्तर, हे म्हणजे आपल्या पी. टी. उषासारखंच झालं की! तीही १००-२०० वाली, आणि १९८४ ला लॉस एंजेलिसला अडथळे.

मास्तर_मैदानातले

अगदी. बायकांची ही शर्यत ऑलिम्पिकला आली तीच १९८४ ला. उषाने नंबियार सरांच्या सांगण्यावरून ती थोडाच काळ आधी घेतली होती. अंतिम फेरीत ५५.४२, आणि रुमानियाची कोजोकारू ५५.४१. एक शतांश. धागाकर्त्याचा तो वीतभराचा हिशेब इथे लावला तर वीतही भरत नाही.

मात्र एक फरक लक्षात घ्या. १९८४ ला सोव्हिएत गटाने बहिष्कार घातला होता (रुमानिया तेवढा आला), आणि या शर्यतीत सोव्हिएत बायका तेव्हा जोरात होत्या. ५३ सेकंदांच्या आत धावणारी पहिली बाई सोव्हिएतच, मरिना स्तेपानोव्हा, १९८६ ला ताश्कंदमध्ये ५२.९४. वय ३६! म्हणजे प्रिवालोव्हा ३१ व्या वर्षी अडथळ्यांकडे वळल्या तेव्हा त्यांच्या देशात कुणाला ते वेडेपणाचं वाटलं नसणार. पुढे २००३ ला युलिया पेचोंकिनाने रशियातल्या तुला शहरात ५२.३४ चा विश्वविक्रम केला, तो १६ वर्षं टिकला.

शंकेखोर

मास्तरांच्या पोस्टसाठी धागा वसूल. माझी शंका कायम आहे, पण ती फीत बघितली. शेवटचे ४० मीटर खरोखर बघण्यासारखे.

त्या ६० मीटरच्या ६.९२ च्या विक्रमाचं काय झालं पुढे? मोडला असेलच.

चुन्याची_रेघ

तीस वर्षं उलटून गेली तरी नाही! खुद्द तिनेच १९९५ ला, पुन्हा माद्रिदला, पुन्हा ६.९२ धावून त्याची बरोबरी केली. त्याच रात्री ५० मीटरचाही ५.९६ चा विश्वविक्रम. २०२३ मध्ये जुलिअन आल्फ्रेड आणि अलेया हॉब्स दोघी ६.९४ पर्यंत आल्या आणि अडल्या. आल्फ्रेडने पुढे पॅरिसला १०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण नेलं, १०.७२ मध्ये. तिलाही हे दोन शतांश सापडले नाहीत.

१०.७७ चा युरोपियन विक्रम मात्र फार टिकला नाही. १९९८ ला बुडापेस्टला क्रिस्तीन आरोंने १०.७३ केला, आणि त्या शर्यतीत १०.८३ धावून दुसरी आली ती प्रिवालोव्हाच. स्वतःचा विक्रम मोडताना मागून बघायला हजर. २०० मीटरचं सुवर्ण तिथे तिने नेलं.

बॅटनबाई

मास्तर, एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे दुसरा पाय शिकवता कसा? माझी भाची सातवीत आहे, अडथळे हवेत म्हणते. शाळेत अडथळेच नाहीत.

मास्तर_मैदानातले

आमच्याकडेही लोखंडी चारच आहेत, त्यातले दोन डुलतात. बाकी मी बांबूच्या काठ्या विटांवर आडव्या ठेवतो. फुटाच्या वर जात नाही सुरुवातीला. लागली तर काठी पडते, मूल पडत नाही. आठवडाभर फक्त नावडत्या पायाने ओलांडायचं, आवडता पाय बंद. रडारड होते. पावलं मोठ्याने मोजायला लावा, मनात नको. मनात मोजणारी मुलं सोयीने मोजतात.

आमच्यात एक आठवीतली आहे. तिला सिडनीची फीत दाखवली तर म्हणाली, "सर, ही मोजत नाहीये." मी म्हटलं, तू मोज. काल तिने पाच काठ्या उजव्या पायाने ओलांडल्या आणि सहावी विटांसकट नेली. वीट फुटली. दोन नव्या आणायच्या आहेत, उद्या जाताना बघतो कुठे बांधकाम चालू आहे का.